मुकीनं दिलेलं उत्तर

हे खरं घडलंय. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबावं आणि उलट्या पायांची बाई शोधायला दुसरीकडे जावं. माझ्या गोष्टीत सगळ्यांचे पाय सरळ आहेत.

मी रत्नप्रभा. राहणार घाटकोपर, भटवाडी. गाव देवगडकडे. शाळा चौथीपर्यंत झाली, जीभ मात्र कॉलेजात जाऊन आल्यासारखी आहे असं माझी सून दीप्ती म्हणते. तोंडावर म्हणत नाही. हिंमत नाही.

या पेजवर सगळ्यांना भूत भेटतं ते अमावास्येच्या रात्री, सुनसान रस्त्यावर. मला भेटलं ते भर दुपारी. गेल्या खंडेनवमीला, अंधेरीच्या एमआयडीसीत, लख्ख दिव्यांखाली, सुटाबुटातल्या माणसांच्या गर्दीत.

आणि त्याला तोंड नव्हतं.

तरी ते बोललं...

कंपनीचं नाव लिहिणार नाही. माझी नात प्रांजल तिथं इंजिनियर आहे आणि नाव लिहिलं तर ती माझा मोबाईल जप्त करील. एवढंच सांगते, कंपनी विजेच्या मोटरी बनवते. आमचे हे तिथंच टेस्टिंग खात्यात होते. तयार झालेली मोटर गेटबाहेर जाण्याआधी ह्यांच्या हाताखालून जायची. चालवून बघायची, तापवून बघायची, भार लावून बघायची. हे पास म्हणाले तर पास.

माझे सासरे परळच्या मिलमध्ये होते. तिथं कापसाचे तंतू मोटरीत शिरायचे आणि ती गुदमरून जळायची. मग ह्या कंपनीच्या साहेबांनी बंद मोटर काढली. चहूबाजूंनी झाकलेली, अंगावर बरगड्या, आतली उष्णता त्या बरगड्यांतून बाहेर. बापाच्या मिलमध्ये जी मोटर गुदमरायची ती मुलाच्या कारखान्यात श्वास घ्यायला शिकली. नंतर पाण्यात बुडून चालणारी काढली. लोक हसले, आणि मग तीच मोटर विहिरीविहिरीत उतरली. क्रेनची काढली, ती वीज गेली की स्वतःच स्वतःला घट्ट धरून ठेवायची, म्हणजे वर टांगलेला माल खालच्या माणसाच्या टाळक्यात पडत नाही. ह्यातली प्रत्येक मोटर पहिल्यांदा फिरली ती ह्यांच्या खात्यात. मी हे मिरवते. का मिरवू नये?

आणि मग मुकी आली.

इस्पितळासाठी काढली होती. ऑपरेशनच्या खोलीशेजारी लिफ्टची घरघर नको म्हणून. आतल्या खाचा सरळ न पाडता तिरक्या पाडल्या की घरघर मरते, हे मला ह्यांनी जेवताना पापडावर बोटानं रेघा ओढून समजावलं होतं. रेडकाएवढी मोटर, पण चालू आहे की बंद ते कानाला कळायचंच नाही.

म्हणून खात्यानं तिचं नाव ठेवलं मुकी.

आता बघा, बाकीच्या मोटरी सुरू होताना गुरगुरायच्या. माणूस झटकन हात मागे घ्यायचा. मुकी गुरगुरत नव्हती. कुत्रंही न भुंकता चावणारंच वाईट. तेव्हा ह्यांच्या खात्यानं एक पद्धत पाडली. बटणावरचा माणूस ओरडणार, "हात?" मोटरीजवळच्या प्रत्येकानं दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि ओरडायचं, "वर!" सगळ्यांचं "वर" आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

ही पद्धत आमच्या घरातही आली. आमच्या मिक्सरचा बोर्ड स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, फ्रीजच्या मागे आहे. बटण दाबणाऱ्याला भांडं दिसत नाही. म्हणून "हात?" आणि "वर" झाल्याशिवाय आमच्याकडे चटणी वाटली जात नाही. शेजारची प्रेमा हसते. हसू दे. तिच्या बोटाला टाके पडलेत, आमची सगळी बोटं शाबूत आहेत.

पण त्या पद्धतीनंच ह्यांना नेलं.

म्हणजे कंपनी तसं म्हणते.

राजेश, माझा मुलगा, तेव्हा पाळण्यात होता. हे मुकीवर पट्टा चढवत होते. बटणावर चंद्रप्रकाश होता, ह्यांचा जोडीदार. त्यानं हाक दिली, "हात?" सगळ्यांनी "वर" म्हटलं. चंद्रप्रकाश शपथेवर सांगतो की धोंडूचाही, म्हणजे ह्यांचाही, "वर" आला. स्वच्छ. खणखणीत.

त्यानं बटण दाबलं.

ह्यांचे हात पट्ट्यात होते.

कंपनीनं लिहिलं, मयतानं स्वतः "वर" असं उत्तर दिलं, पण हात काढले नाहीत. झालं. मेलेल्याची चूक. मेलेला भांडायला येत नाही ना!

पण मी होते की भांडायला.

मी त्या दिवसापासून एकच सांगत आले. त्यांनी "वर" म्हटलं नाही. म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांचा घसा बसला होता. तोंड उघडलं की नुसता वारा बाहेर पडत होता. त्या सकाळी चहासुद्धा त्यांनी मला खुणेनं मागितला होता. ज्याला बायकोकडे चहा मागता येत नाही तो खणखणीत "वर" कसा म्हणेल?

कुणी ऐकलं नाही. "बाई, साक्षीदार आहेत," म्हणाले. मी चंद्रप्रकाशला भर चाळीत खोटारडा म्हटलं आणि त्याच्या घरचं हळदीकुंकू कायमचं बंद केलं.

आता गेल्या वर्षाकडे येते.

कारखाना अंधेरीतून कधीच उठला. मोटरी आता भलतीकडेच बनतात. जुनी टेस्टिंगची शेड तेवढी राहिलीय. तिथं कंपनीनं आपल्या इतिहासाचं दालन केलं. पहिली मोटर, बंद मोटर, पाण्यातली मोटर, सगळ्या रंगवून ओळीनं मांडल्या. शेवटी आजची मोटर. तिला ताप आला की ती साहेबाच्या मोबाईलवर कळवते म्हणे.

आणि मधोमध मुकी.

तिला प्रांजलनंच अडगळीतून काढली होती. आतली तार नव्यानं भरली, घासूनपुसून उभी केली. घरी येऊन म्हणाली, "आजी, खंडेनवमीला तिला चालवणार आहोत. बटण तू दाबायचंस. आजोबांची मोटर चालली की आजोबा चालल्यासारखं वाटेल गं."

"तुझ्या आजोबांना थांबवलं तिनंच," मी म्हटलं. "आणि खंडेनवमीला यंत्राची पूजा करतात. त्या दिवशी त्याला वीज दाखवत नाहीत. एवढं तुमच्या कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

"आजी, यार... तू फक्त ये ना. तिथल्या भिंतीवर ती आजोबांची चूक म्हणणारी ओळ आहे. तू स्वतः सांगितलंस तर काढतील."

ओळीचं ऐकलं आणि मी ठेवणीतलं लुगडं काढलं.

दोघी मेट्रोनं गेलो. शेडमध्ये पाऊल टाकलं तर काय गर्दी! झेंडूचा वास, कॅमेरे, समोसे. बाकी मोटरी जराजरा चालवून दाखवत होते, त्यांची घूंघूं चाललेली. भिंतीवर मोठमोठ्या पाट्या, कंपनीनं काय काय नवीन काढलं त्याच्या. मी एकेक अक्षर लावत पुढं सरकले. मुकीच्या पाटीवर तिचं कौतुक होतं, खाली त्या "हात–वर" पद्धतीचं कौतुक होतं, आणि सगळ्यात शेवटी...

"कामगार धोंडू यांनी 'वर' असे उत्तर देऊनही हात न काढल्याने अपघात."

दालन बघायला येणारी शाळेची पोरंसुद्धा आता हे वाचणार. धोंडू म्हणजे बेपर्वा माणूस.

सौरभ नावाचा एक साहेब हे सगळं बघत होता. दाढी कोरलेली, कानात ते बिनवायरीचं बोंडूक. मी त्याला पकडलं.

"रे सौरभा, ही ओळ पूस."

"हो आजी, नक्की बघू. आधी जस्ट दोन मिनिटं, बटण दाबून घेऊ. व्हिडिओ लाइव्ह आहे."

"आधी ओळ."

"आजी, ते रेकॉर्डवर आहे ना. साक्षीदारपण आज आलेत."

वळून बघितलं. काठी टेकत चंद्रप्रकाश उभा होता. सुकून खारीक झालेला.

"वहिनी," म्हणाला.

मी मान फिरवली.

मुकीजवळ गेले. तिच्या अंगावर हात ठेवला.

ती गरम होती...

तापलेल्या पोराचं कपाळ असतं तशी.

"प्रांजल, हिला चालवली होती का गो मघाशी?"

"नाही गं. वीज आत्ता जोडलीय, अजून सोडलेली नाही. दिव्यांनी तापली असेल."

दिवे वर, छताला होते. बाजूच्या पाण्यातल्या मोटरीला हात लावला... गार.

आणि अजून एक. मुकीच्या जवळ उभं राहिलं की त्या बाकीच्या मोटरींची घूंघूं ऐकू येत नव्हती. एक पाऊल मागे घेतलं, आली. पुढं गेले, गेली. मला वाटलं, म्हातारीचे कान. पण प्रांजलही कान चोळत होती.

मी खाली वाकले आणि हळूच म्हटलं, "मी तुला घाबरायला आलेली नाही. माझ्या माणसाचं नाव सोडवायला आलेय. गप राहा."

गप राहा, मुकीला म्हटलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

सौरभनं सगळ्यांना गोळा केलं. मुकीच्या पुढं साहेबलोकांचा गोल. माझं बोट हिरव्या बटणावर. हाक द्यायला चंद्रप्रकाश, कारण जुन्या खात्यातला तोच एक उरला होता. सौरभनं सगळ्यांना शिकवलं, "त्यांनी 'हात?' म्हटलं की हात उंच करून 'वर!' जोरात, ओके? झकास व्हिडिओ येईल."

प्रांजल कुठं होती?

मुकीच्या मागे. माळ सुटली होती म्हणून बांधायला वाकलेली. मला फक्त तिच्या आंबोड्यातला गजरा दिसत होता, तोही जेमतेम.

चंद्रप्रकाशनं काठी आपटली. आवाज अजून दणदणीत म्हाताऱ्याचा.

"हात?"

"वर!!" सगळी शेड ओरडली. हसले, टाळ्या पडल्या.

मी बटण दाबलं नाही. वाकून मुकीच्या मागे बघत राहिले. गजरा हलत होता.

टाळ्या थांबल्या...

मग मुकीच्या मागून आवाज आला.

"वर!"

प्रांजलचा आवाज. स्वच्छ. खणखणीत.

"चला आजी, दाबा!" सौरभ म्हणाला. सगळे म्हणाले, "दाबा, दाबा!"

माझं बोट बटणावर होतं. सगळ्यांचं उत्तर आलं होतं. पद्धतीत काही कमी नव्हतं.

पण एका "वर"नं माझा संसार मोडला होता. त्या शब्दावर मी आयुष्यभर विश्वास ठेवला नव्हता, साहेबांनी समजावलं तरी नाही, सख्ख्या दिरानं समजावलं तरी नाही. आज का ठेवू?

बोट उचललं. लुगड्याचा ओचा धरला आणि मुकीला वळसा घालून मागे गेले.

प्रांजलचे दोन्ही हात शाफ्टवर, म्हणजे मोटर सुरू झाली की फिरतो त्या दांड्यावर, होते. साडीचा पदर माळेत अडकलेला. आणि माळेचा दोरा तिनं दातात घट्ट धरला होता. तोंड बंद. गाठ मारायच्या नादात तिचं कुणाकडे लक्षच नव्हतं.

"हात भायर काड!" मी किंचाळले. घाबरले की माझ्या तोंडातून गावचीच भाषा येते.

तिनं दचकून हात काढले. दोरा दातातच.

"तू 'वर' म्हटलंस?"

तिनं मान हलवली. नाही. मग दोरा थुंकून म्हणाली, "आजी, मी कशी म्हणणार? तोंडात दोरा होता. मला तर कुणाचाच आवाज आला नाही. सगळे थांबलेत असं वाटलं."



तेवढ्यात काठी पडल्याचा आवाज झाला. चंद्रप्रकाश खाली बसला होता.

"वहिनी... असंच. अगदी असंच. सगळ्यांचं झालं, आणि मागून एकटा आवाज आला. धोंडूचाच. मला वाटलं, बरं झालं, ह्याचा घसा सुटला..."

इतकी वर्षं मी त्या माणसाला खोटारडा म्हणत होते.

तो खोटं बोलत नव्हता.

आणि मीही नाही.

ज्याचं तोंड बंद असेल त्याच्या वतीनं ती बोलते. मुकी.

माफी मागायची सवय मला नाही. मी त्याला उठवून खुर्चीवर बसवलं आणि चहा आणून दिला. साखर घातलेला. तो समजला.

सौरभ धावत जाऊन वीज बंद करून आला. मुकीची वायरसुद्धा ओढून काढली. घाम पुसत म्हणाला, "एको असेल, आजी. शेड मोठी आहे ना. काय होतं की..."

तो बोलता बोलता थांबला.

सगळे मुकीकडे बघत होते.

वायर जमिनीवर पडलेली. आणि शाफ्ट फिरत होता... सावकाश. काही आवाज न करता. झेंडूची माळ त्याच्याभोवती गुंडाळत गुंडाळत आत चालली होती, कुणीतरी शेवया ओढून खाव्यात तशी. प्रांजलच्या पदराचा एक धागा त्यात होता.

माळ संपली. शाफ्ट थांबला.

"कुणाचा तरी धक्का लागला," सौरभ म्हणाला. पण तो बोलला ते दाराजवळून.

साहेबलोक बाहेर पळाले. मी नाही पळाले. पूजेच्या ताटातलं कुंकू मुठीत घेतलं, त्या पाटीपाशी गेले आणि ती शेवटची ओळ अंगठ्यानं माखून टाकली. एकेक अक्षर. पाटीवर लाल पट्टा झाला. मग मुकीसमोर उभी राहिले.

"एक नेलास तेव्हा मी बाळंतीण होते, मला कुणी आत सोडलं नाही. आज मी आत आहे. माझ्या घरातलं दुसरं माणूस तुला मिळायचं नाही. आणि त्यांचा आवाज चोरलास तो तुझ्याकडे ठेव. नाव मी परत नेतेय."

प्रांजलनं मला हाताला धरून बाहेर काढलं.

व्हिडिओ तिनं त्याच संध्याकाळी बघितला. कानाला फोन लावून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. मग पांढरीफटक होऊन म्हणाली, "आजी, हा माझाच आवाज आहे. 'र' मी म्हणते तसाच आहे." दुसऱ्या दिवशी कंपनीनं तो व्हिडिओ सगळीकडून काढला. भिंतीवरची पाटीही बदलली. आता तिथं लिहिलंय, "अपघाताचे कारण समजू शकले नाही." मी जाऊन वाचून आले. चालेल. खरं आहे ते. मुकीला पुन्हा कोपऱ्यात ढकललीय, वर ताडपत्री. वीज जोडत नाहीत.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

दिवाळीनंतर माझी दाढ काढली. डॉक्टरनं तोंडात कापसाचा बोळा दाबला आणि सांगितलं, तासभर तोंड उघडायचं नाही. आमच्या घरात सण असल्यासारखं वातावरण झालं. दीप्ती चक्क गाणं गुणगुणत होती.

मी स्वयंपाकघरात मिक्सरच्या भांड्यात ओलं खोबरं घातलं. वाटप करायचं होतं. तळाला खोबरं घट्ट बसलं म्हणून बोटांनी सोडवत होते. भांडं मिक्सरवरच होतं.

बाहेरून दीप्तीनं विचारलं, "आई, हात?"

मी उत्तर दिलं नाही. देणार कशी, तोंडात बोळा.

आणि माझ्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं...

"वर."

आवाज माझा होता.

माझा, देवगडचा, जराशा खेकसल्यासारखा. असाच.

खंडेनवमीपासून मी घरात नियम केलाय. "वर" ऐकलं तरी आधी येऊन बघायचं, मगच बटण. तेव्हा दीप्ती तोंड वाकडं करून म्हणाली होती, "काय आई, पंधरा फेऱ्या मारायला लावता." त्या दिवशी ती आली. बघितलं. माझी बोटं भांड्यात, तोंडात बोळा. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

मी बोटं काढली. शांतपणे लुगड्याला पुसली.

मागे वळले. मागे फक्त भिंत होती, आणि फळीवर तांब्याची कळशी.

हात वर नेले नाहीत. तिच्यासाठी तर नाहीच. दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तिथंच उभी राहिले, भिंतीकडे बघत. दीप्ती म्हणते, बराच वेळ. तिनं तेवढ्यात मिक्सरची वायर काढली.

वायर काढल्यावर भांड्यातलं पातं एकदा फिरलं... सावकाश. आवाज झाला नाही.

मिक्सर मी कुणाला दिला नाही. उगाच दुसऱ्या बाईच्या बोटांवर कशाला? माळ्यावर ठेवलाय, झाकण घट्ट लावून. वाटप पाट्यावर होतं. दंड दुखतात, दुखू देत. मी त्या मुकीला भिऊन घर सोडणार नाही, स्वयंपाक सोडणार नाही, बोलणं तर नाहीच सोडणार. माझं तोंड चालू आहे तोवर तिला माझ्या वतीनं बोलायची गरज नाही.

फक्त एक झालंय. घरात कुणाला हाक मारली आणि ओ आली, तरी मी उठून जाते. गुडघे दुखले तरी जाते. ज्यानं ओ दिली त्याच्या तोंडाकडे बघते, आणि पुन्हा एकदा ओ द्यायला लावते.

अजून तरी प्रत्येक वेळी ओठ हललेत.